ऑस्करची एक सकाळ

२३ फेब्रुवारी २००९ रोजी सोमवार होता आणि महाशिवरात्र होती. महाविद्यालयाला सुट्टी होती, अण्णांचा उपास होता, आणि सकाळी सात वाजता आम्ही दोघे दूरचित्रवाणी संचासमोर बसलो होतो. स्वयंपाकघरात साबुदाणा भिजलेला होता आणि तिकडे लॉस एंजेलिसमध्ये रविवारची संध्याकाळ कलत होती. अण्णांना ऑस्करशी काही देणेघेणे नव्हते. तेहेतीस वर्षे रेल्वेच्या तिकीट खिडकीमागे काढलेल्या त्या माणसाला पारितोषिक समारंभ म्हटला की रेल्वे सप्ताहात साहेबांच्या हातून मिळणारे भिंतीवरचे घड्याळ तेवढे आठवे. परंतु गेला महिनाभर वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी ‘आपला सिनेमा’, ‘आपली मुंबई’, ‘आपला रहमान’ असा काही घोष चालवला होता की घरातल्या कुणालाच त्यातून सुटका नव्हती. शेवटी तेही चहाचा कप घेऊन समोर येऊन बसले. “यात आपलं काय काय आहे?” हा त्यांचा पहिला प्रश्न होता.

प्रश्न साधा होता, पण मला त्याचे सरळ उत्तर देता येईना. ‘स्लमडॉग मिलिनेअर’चा दिग्दर्शक डॅनी बॉइल ब्रिटिश, पटकथाकार सायमन बोफॉय ब्रिटिश, छायालेखकही तिकडचाच. मूळ कादंबरी मात्र विकास स्वरूप या भारतीय राजनैतिक अधिकाऱ्याची, तीही इंग्रजीतली. तिच्या नायकाचे नाव राम महंमद थॉमस असे तिपेडी होते. चित्रपटात त्याचा जमाल मलिक झाला. सहदिग्दर्शिका लव्हलीन टंडन आपली, संगीत रहमानचे, गीत गुलजारांचे, ध्वनिमिश्रणाच्या तिघांमध्ये एक रसूल पुकुट्टी. आणि शहर आपले, झोपडपट्टी आपली, गटार आपले, लोकल आपली. हे सगळे मी अण्णांना जमेल तसे सांगितले. त्यांनी हिशेबनिसाच्या शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “म्हणजे माल आपला, दुकान त्यांचं.” हे वाक्य मी नंतर वर्गात माझे म्हणून वापरले. तो अपराध इथे कबूल करून टाकतो.

समारंभ पुढे सरकत होता. दहा नामांकनांपैकी एकेक पारितोषिक पदरात पडत गेले आणि शेवटी आकडा आठावर थांबला. त्याआधी ‘स्माइल पिंकी’ या लघु माहितीपटाला पारितोषिक मिळाले होते आणि मिर्झापूर जिल्ह्यातली, दुभंगलेल्या ओठांवर शस्त्रक्रिया झालेली ती चिमुरडी मुलगी, पिंकी सोनकर, त्या झगमगाटात बसली होती. रहमान दोनदा मंचावर गेला. एकदा त्याने ‘दीवार’मधल्या आईविषयीच्या त्या प्रसिद्ध संवादाचा उल्लेख केला आणि समोर बसलेल्या आपल्या आईला वंदन करून सगळे श्रेय तमिळमध्ये ईश्वराच्या हवाली केले, दुसऱ्यांदा द्वेष आणि प्रेम या दोहोंतून आपण प्रेमाची निवड केली असे म्हणून तो मोकळा झाला. गुलजार तिथे नव्हतेच. अखेरीस सर्वोत्कृष्ट चित्रपटाची घोषणा झाली आणि वांद्र्याच्या गरीब नगरमधली ती मुले, रुबिना आणि अझरुद्दीन, इतर कलावंतांबरोबर त्या भव्य मंचावर चढली. आमच्या समोरच्या इमारतीत कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. क्रिकेटचा सामना जिंकल्यावर लावतात तशी.

आणि मी? माझी स्थिती आज सांगायला संकोच वाटतो. जानेवारीत चित्रपट पाहून आलो तेव्हाच मी चिडलेला होतो. गरिबीचे प्रदर्शन, पाश्चात्त्यांच्या करुणेसाठी मांडलेला आपला उकिरडा वगैरे जी वाक्ये त्या महिन्यात सर्वत्र ऐकू येत होती ती मीही उच्चारली होती. शीर्षकातल्या ‘डॉग’ शब्दावरून पाटण्यात निदर्शने झाली तेव्हा निदर्शकांची भाषा मला पटली नव्हती, पण त्यांचा राग मला माझाच वाटला होता. असे असूनही त्या सकाळी प्रत्येक पारितोषिकाबरोबर माझ्या अंगावर काटा येत होता. मनात दोन माणसे शेजारी शेजारी बसली होती. एकाला वाटत होते, ह्यांनी आपल्याला ओळखले! दुसऱ्याला वाटत होते, ह्यांनी आपल्याला काय म्हणून ओळखले! दोघांचेही डोळे लॉस एंजेलिसकडेच लागलेले होते, हे मात्र त्या वेळी माझ्या ध्यानात आले नाही.

अण्णांची प्रतिक्रिया माझ्याहून निराळी होती आणि ती दोन ठिकाणी प्रकटली. ध्वनिमिश्रणाचे पारितोषिक जाहीर झाले तेव्हा त्यांनी विचारले, “आवाजालाही बक्षीस असतं?” मी म्हटले, असते. पुकुट्टीचे भाषण चालू होते. ओंकाराविषयी, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या शांततेविषयी तो काही बोलला. अण्णा थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “मग आपल्या झेंड्यांना द्यायला हवं.” मला संदर्भ लागला नाही. तेव्हा त्यांनी किंचित नाराजीने आठवण करून दिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार सुरू झाला तेव्हा विष्णू झेंडे हे उद्घोषक आपल्या कक्षातून ध्वनिक्षेपकावर प्रवाशांना सावध करत राहिले, कोणत्या बाजूने बाहेर पडा ते सांगत राहिले, आणि त्या आवाजामुळे कितीतरी माणसे वाचली. अण्णांच्या नोकरीची शेवटची अकरा वर्षे त्याच स्थानकात गेली होती. त्यांच्या तोंडी त्याचे नाव शेवटपर्यंत ‘व्ही.टी.’च राहिले.

दुसरे ठिकाण दुपारचे. दिवसभर सर्व वाहिन्यांवर चित्रपटाच्या शेवटचे ते नृत्य पुन्हा पुन्हा दाखवले जात होते. स्थानक, फलाट, उभ्या गाड्या, आणि त्यांच्या मधोमध नाचणारी शेकडो माणसे. ते चित्रीकरण हल्ल्याच्या कितीतरी आधीचे. चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला तोच मुळी हल्ल्याच्या दोन आठवडे आधी. म्हणजे नाचणाऱ्यांकडे बोट दाखवावे असे काहीच नव्हते. परंतु ज्या स्थानकात तीनच महिन्यांपूर्वी पन्नासहून अधिक माणसे मारली गेली ते स्थानक आमच्यासमोर नाचत होते, आणि सबंध दिवसात एकाही निवेदकाला त्याचा उल्लेख करावासा वाटला नाही. अण्णा म्हणाले, “बंद कर.” मला वाटले त्यांना राग आला. पण ते रागावलेले नव्हते. थोड्या वेळाने म्हणाले, “नाचू देत. पण मला बघवत नाही.” इतकी प्रामाणिक समीक्षा मी त्या आठवड्यात इतरत्र कुठे वाचली नाही. आवडले, नावडले, मोठे, क्षुद्र असला कुठलाच निवाडा तिच्यात नव्हता. आपल्याला काय बघवते आणि काय बघवत नाही, एवढेच ते सांगत होते.

मंगळवारी मी वर्गात गेलो. द्वितीय वर्षाला व्यावहारिक मराठीच्या अभ्यासात वृत्तपत्रीय लेखन होते, आणि विषय आयता चालून आला होता. सुरुवातीलाच मी बरेच बोललो. कुणी नेमका विरोध करत नसला की शिक्षक फार चांगले बोलतो. १९८० मध्ये राज्यसभेच्या सदस्य असताना नर्गिस यांनी सत्यजित राय यांच्यावर भारताची गरिबी परदेशात निर्यात केल्याचा आरोप केला होता, तो मी सांगितला. आता गंमत अशी की हा आरोप मी पूर्वी अनेकदा वर्गात सांगत असे तो त्याची टर उडवण्यासाठी. ‘पथेर पांचाली’ पाहून ज्याला फक्त गरिबी दिसते त्याने डोळे तपासून घ्यावेत, असे माझे ठरलेले वाक्य होते. भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’वर १९६५ नंतर अश्लीलतेचे वादळ उठले आणि आचार्य अत्र्यांसारखा माणूसही पुस्तकाच्या विरुद्ध बाजूला उभा राहिला, हे शिकवताना मी दर वर्षी पाध्यांच्या बाजूने हिरिरीने लढत असे. बाबूराव बागुलांचे ‘जेव्हा मी जात चोरली होती’ आणि ‘मरण स्वस्त होत आहे’, दळव्यांची ‘चक्र’, ढसाळांचा ‘गोलपिठा’ ही सगळी पुस्तके मी दहा-बारा वर्षे शिकवली होती, आणि ‘हे असले घाण कशाला लिहायचे?’ असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांना दर वर्षी निरुत्तर केले होते. त्या मंगळवारी मी स्वतःच तो प्रश्न विचारणाऱ्या बाकावर जाऊन बसलो होतो, आणि जागा बदलल्याचे मला कळलेही नव्हते. संडासाच्या हौदात उडी मारून, तशाच अंगाने आवडत्या नटाची सही मिळवणाऱ्या त्या मुलाच्या प्रसंगाविषयी बोलताना मी म्हणालो, “या एका दृश्याने जगासमोर आपली बेअब्रू झाली.” वर्ग शांत होता. मी ती शांतता संमती म्हणून घेतली.

गुरुवारी प्रतिक्रिया लिहून आल्या. चाळीस-बेचाळीस कागद होते. बहुतेकांत अभिमान होता, थोड्यांत बेअब्रू होती; म्हणजे अर्ध्यांनी वर्तमानपत्र उतरवले होते आणि उरलेल्यांनी मला. एक कागद मात्र जेमतेम अर्धा पान भरेल एवढ्या मजकुराचा होता. लिहिणारी मुलगी मागच्या बाकावर बसणारी, उपस्थिती बेताची, अक्षर गोल. माहीमच्या खाडीलगतच्या एका वस्तीत राहणारी. तो कागद माझ्यापाशी आहे, आणि तिच्या परवानगीने त्यातला भाग इथे देतो.

“सर, मी सिनेमा शेजारच्यांकडे सीडीवर बघितला. तुम्ही म्हणालात की संडासाच्या सीनमुळे आपली बेअब्रू झाली. मला तो सीन खोटा वाटला पण वेगळ्या कारणाने. तिथे रांग नव्हती. बाहेर एखाददुसराच माणूस होता. आमच्याकडे पहाटे पाचला रांग लागते. बारावीचा इतिहास मी रांगेतच वाचला. डबा ठेवून नंबर लावतात. कोणी डबा सरकवला तर भांडण होते आणि कोणी आजारी असले तर सगळे त्याला पुढे सोडतात. सिनेमात दाखवल्यामुळे आपली बेअब्रू झाली असे आमच्याकडे कोणी म्हणाले नाही. घाण म्हणाल तर ती रोजचीच आहे. सोमवारी मुले स्टेजवर गेली तेव्हा माझी आई म्हणाली, पोरांचे कपडे चांगले शिवलेत. ती शिलाईचे काम करते.”

एवढेच. शेवटी समारोपाचे वाक्य नव्हते, त्यामुळे नियमाप्रमाणे गुण कापावे लागले असते. मी तो कागद बराच वेळ हातात धरून बसलो. पहिल्यांदा जे वाटले ते खरे सांगायचे तर अपमानासारखे काहीतरी होते. ‘आपली’ बेअब्रू हा शब्दप्रयोग मी केला तेव्हा त्या ‘आपली’मध्ये ती मुलगी, तिची आई आणि ती रांग यांतले कुणीही नव्हते. त्यात होते मी, माझे सहकारी, विमानतळावर परदेशी माणसाला तोंड द्यावे लागणारे आमच्यासारखे लोक. वस्ती ज्यांची, त्यांची बेअब्रू झालेली नव्हती. ज्यांना ती वस्ती झाकून ठेवायची होती त्यांची झाली होती. आणि दहा-बारा वर्षे बागूल शिकवूनही हे मला एका विद्यार्थिनीच्या अर्ध्या पानातून कळावे, यात मला स्वतःच्या शिकवण्याविषयीच शंका येऊ लागली.

पण हळूहळू दुसरीही एक गोष्ट लक्षात येऊ लागली, आणि साहित्याच्या अभ्यासकांना तीच अधिक महत्त्वाची वाटावी. त्या मुलीने चित्रपटाचा बचाव केलेला नव्हता. तिनेही चित्रपट खोटाच ठरवला होता, पण माझ्या आक्षेपापेक्षा तिचा आक्षेप किती नेमका होता! चित्रपटात घाण जास्त आहे असे माझे म्हणणे होते. तिचे म्हणणे, त्यात रांग नाही. रांगेचा अर्थ काय? थांबणे, वेळ, शेजार, भांडण, आणि आजाऱ्याला पुढे सोडण्याची अलिखित रीत. ‘स्लमडॉग मिलिनेअर’ हा आदिअंती धावणारा चित्रपट आहे. मुले बोळांतून धावतात, गाडीच्या टपावरून जातात, प्रसंगामागून प्रसंग छाटत जातात. त्याच्या संकलनालाही त्या सकाळी पारितोषिक मिळाले आणि तंत्राच्या दृष्टीने ते योग्यच होते. परंतु गरिबीचा सगळ्यात ठळक गुण वेग नाही. पाण्यासाठी, रेशनसाठी, महापालिकेच्या रुग्णालयात केसपेपरसाठी, संडासासाठी उभे राहणे हा तो गुण आहे. चित्रपट दैवाची गोष्ट सांगतो: ज्याला एकेक उत्तर आयुष्यात आधीच सापडलेले आहे अशा मुलाची. रांगेत उभ्या असलेल्या माणसाची गोष्ट दैवाने सुटत नाही. दैव म्हणजे रांग मोडून पुढे जाणे.

हे सुचल्यावर मी पुन्हा जुनी पुस्तके काढली. बागुलांच्या कथेतल्या माणसांना पळायला जागाच नसते. ती जिथे आहेत तिथेच काळ त्यांच्यावर साचत जातो. ‘चक्र’ हे नावच धावणाऱ्या गोष्टीचे नाही, जागच्या जागी फिरणाऱ्या गोष्टीचे आहे. १९८१ मध्ये रवींद्र धर्मराज यांनी तिच्यावर चित्रपट केला आणि स्मिता पाटीलला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये आला तेव्हा प्रस्तावना लिहायला बसलेल्या तेंडुलकरांना त्यातले कितीतरी शब्द खुद्द ढसाळांकडून समजून घ्यावे लागले. मराठीतला एक श्रेष्ठ नाटककार मराठीतलीच कविता वाचताना शब्दांचे अर्थ विचारतो आणि विचारल्याचे कबूल करतो, ही घटना मला आता फार मोठी वाटते. मला माझ्या शहरातल्या एका दृश्याविषयी मत देण्यापूर्वी कुणालातरी काही विचारावेसे वाटले नव्हते. एक ब्रिटिश दिग्दर्शक चार-दोन महिने मुंबईत येऊन काय पाहणार, असे मी वर्गात म्हणालो होतो. मी तर जन्मापासून इथे होतो.

समारंभाकडे वळतो. ऑस्करच्या संदर्भात आपल्या प्रतिक्रियांचा एक छोटा इतिहासच मांडता येईल. २००४ मध्ये संदीप सावंत यांचा ‘श्वास’ भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून निवडला गेला. त्याआधी त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले होते, आणि ‘श्यामची आई’नंतर हा मान मराठीला मिळायला अर्धशतक लागले होते. अमेरिकेत प्रसिद्धीसाठी लागणारा पैसा निर्मात्यांकडे नव्हता. लोकांनी वर्गणी काढली, शाळांतल्या मुलांनी पैसे जमवले. आमच्या महाविद्यालयातही डबा फिरला होता आणि तो फिरवणाऱ्यांत मी होतो. ‘श्वास’ला नामांकन मिळाले नाही. ज्या दिवशी ते कळले त्या दिवशी स्टाफरूममध्ये कुणी त्याविषयी बोलले नाही. आज विचार करताना वाटते, त्या चित्रपटाचा विषयच मुळी पाहणे हा होता: डोळ्यांच्या कर्करोगामुळे दृष्टी जाणार असलेल्या नातवाला आजोबा शस्त्रक्रियेपूर्वी शेवटचे जग दाखवून आणतात. इतरांनी आपल्याकडे पाहावे म्हणून आम्ही पैसे गोळा केले. आम्ही त्याच्याकडे नीट पाहिले होते का, कोण जाणे. पुढे २००९ मध्ये ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि २०१५ मध्ये ‘कोर्ट’ प्रवेशिका म्हणून गेले. नामांकन त्यांनाही मिळाले नाही, आणि त्या वेळी डबे फिरले नाहीत. आपण शहाणे झालो होतो की दमलो होतो, हे ठरवणे अवघड आहे.

आणि त्या मुलीच्या आईचे वाक्य वाचल्यावर मला जे नाव पहिल्यांदा आठवायला हवे होते ते फार उशिरा आठवले: भानू अथय्या. कोल्हापूरच्या. चित्रकार अण्णासाहेब राजोपाध्ये यांची कन्या, जे. जे. कलाशाळेची विद्यार्थिनी. ११ एप्रिल १९८३ रोजी ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर स्वीकारणारी पहिली भारतीय व्यक्ती ही एक मराठी बाई होती. ‘गांधी’लाही आठच पारितोषिके मिळाली होती आणि तोही एका ब्रिटिश दिग्दर्शकाने केलेला आपल्या देशाचा चित्रपट होता, म्हणजे अण्णांचा माल आणि दुकानाचा हिशेब तेव्हाही लागू होता. मी त्या वर्षी दहावीची परीक्षा देऊन घरी बसलो होतो. थेट प्रक्षेपण नव्हते, फटाके नव्हते. बातमी वर्तमानपत्रातून आली, तीही घरातल्या कुणाच्या लक्षात राहिली नाही. ज्या माणसाने एकेक करून अंगावरचे कपडे टाकून दिले त्याच्या चरित्रपटाला कपड्यांसाठी पारितोषिक मिळाले, यातली गंमत समजण्याचे माझे वय नव्हते. पंचा कसा नेसायचा, हजारो माणसांच्या गर्दीत कुणाचे धोतर मळके हवे आणि कुणाचे धुवट, हे ज्या नजरेने ठरवले असेल ती नजर आणि ‘पोरांचे कपडे चांगले शिवलेत’ म्हणणारी नजर, या दोन नजरांत मला फार अंतर दिसत नाही. मंचावरच्या झगमगाटातही काम दिसणे ही त्या नजरेची खूण आहे.

२०१२ मध्ये भानू अथय्यांनी ते स्मृतिचिन्ह अकादमीला परत पाठवले. आपल्यामागे इथे ते नीट सांभाळले जाईल याची त्यांना खात्री वाटत नव्हती. २००४ मध्ये शांतिनिकेतनातून रवींद्रनाथांचे नोबेल पदक चोरीला गेल्याची आठवण त्यांनी दिली होती. ही बातमी आली तेव्हाही मी मनातल्या मनात चिडलो होतो. नंतर वाटले, चिडण्यासारखे त्यात काय होते? आपण टाळ्या वाजवायला तत्पर असतो आणि सांभाळायला नसतो, एवढेच ती वृद्ध बाई शांतपणे सांगत होती. २०२० च्या ऑक्टोबरात त्या गेल्या.

टाळ्यांनंतरचे आणखी थोडे. त्या सकाळीनंतर काही आठवड्यांतच ‘जय हो’ या गीताचे हक्क काँग्रेस पक्षाने लोकसभा निवडणुकीच्या प्रचारासाठी घेतले. मे २००९ मध्ये गरीब नगरमधली अनधिकृत बांधकामे पाडली गेली, त्यांत अझरुद्दीनचे घर गेले. निर्मात्यांनी मुलांसाठी विश्वस्त निधी उभा केला होता, ही गोष्टही नोंदवायला हवी. मार्च २०११ मध्ये त्या वस्तीला आग लागली आणि रुबिनाच्या घरातली त्या समारंभाची छायाचित्रे, आठवणीच्या वस्तू जळून गेल्या. सांभाळून ठेवायला जागा नसणे ही अडचण, पाहा, पुतळा मिळालेल्या बाईपासून मंचावर नुसती उभी राहिलेल्या मुलीपर्यंत सगळ्यांना पुरली.

त्या विद्यार्थिनीला मी पूर्ण गुण दिले, हे सांगितले नाही तर वाचक विचारतील. कागद परत देताना मी तिला म्हणालो, “तू म्हणतेस ते मला दिसलं नव्हतं.” ती म्हणाली, “सर, तुम्हाला कसं दिसेल?” त्यात टोमणा नव्हता, म्हणून तो अधिक लागला. पुढच्या वर्षी ‘मरण स्वस्त होत आहे’ शिकवताना मी तिला त्यातल्या एका कथेविषयी वर्गात बोलायला सांगितले. ती दहा मिनिटे बोलली आणि त्या दहा मिनिटांत माझी जुनी टिपणे निकामी झाली. तेव्हापासून मी टिपणे वापरत नाही असे म्हणणार होतो, पण ते खरे नाही. वापरतो, मात्र त्यांच्या समासात पुष्कळ जागा सोडतो.

अण्णा २०१६ मध्ये गेले. १३ मार्च २०२३ रोजी, पुन्हा एका सोमवारी, सकाळी मी चहा घेत असताना फोनवर तिचा संदेश आला. ती आता महापालिकेच्या शाळेत शिकवते. ‘नाटू नाटू’ला पारितोषिक मिळाले होते, ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ला मिळाले होते, आणि त्या माहितीपटाच्या निर्मात्या गुनीत मोंगा बोलणार एवढ्यात वाद्यवृंद सुरू झाल्यामुळे त्यांना न बोलताच उतरावे लागले होते. दिवसभर त्यावरही संतापाच्या प्रतिक्रिया उमटणार होत्या, ‘आपला’ अपमान झाल्याच्या. तिच्या संदेशात अभिनंदन नव्हते आणि संतापही नव्हता. तिने लिहिले होते, “सर, बघितलंत का? तिचा नंबर आला होता आणि कोणीतरी डबा सरकवला.”

मी समारंभ पाहत नव्हतो. संदेश वाचून संच लावला, तोवर ते दृश्य होऊन गेले होते. अण्णांच्या खुर्चीवर वर्तमानपत्रे साचली होती; ती बाजूला ठेवून तिथे बसलो आणि पुन्हा दाखवतात का याची वाट पाहत राहिलो.